बारा व्होल्टचा संसार

आमच्या साडूंनी निवृत्तीनंतर घर सोडलं. संन्यासबिन्यास नव्हे. बोरिवलीचा फ्लॅट जागेवर आहे, मेहुणीबाई जागेवर आहेत, फक्त साडू वर्षातले पुष्कळ दिवस एका जुन्या मिनीबसमध्ये राहतात. तिच्या सीटा उपटून त्यांनी आत पलंग, वीतभर ओटा आणि एक सिंक बसवलंय. तिला मिनीबस म्हटलेलं त्यांना खपत नाही. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून ती कॅरॅव्हॅन आहे. त्याआधी ती शाळेच्या पोरांची ने-आण करायची. ‘खिडकीबाहेर हात काढू नये’ ही सूचना पलंगाच्या उशाशी अजून शाबूत आहे.

कॅरॅव्हॅन असलेला माणूस कुठे जातो? लडाखला, कच्छच्या रणात, असं तुम्हाला वाटेल. आमचे साडू आमच्याकडे येतात. बोर्डीला. चिकूच्या वाडीत, आमच्या ओटीसमोर गाडी लावतात. ओटीवर प्लग आहे, पंखा आहे. घरात त्रेचाळीस इंची टीव्ही आहे आणि त्याच्यासमोर सोफा आहे. साडू यातल्या कशालाही हात लावत नाहीत.

“आम्ही ऑफ-ग्रिड असतो,” ते सांगतात.

जेवायला मात्र तिन्ही त्रिकाळ ग्रिडवर येतात.

या ऑफ-ग्रिड संसाराचा कुटुंबप्रमुख पलंगाखाली असतो: १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, वजन पन्नास किलोंच्या वर. ती आत चढवताना साडूंच्या पाठीत उसण भरली ती अजून उतरलेली नाही, पण त्याबद्दल ते बोलत नाहीत. “कसे आहात?” विचारलं की “बारा पॉइंट सहा” म्हणतात. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत पडलेली असताना बारा पॉइंट सात दाखवते, बारा पॉइंट दोनच्या आसपास ती निम्मी होते, आणि लेड-अ‍ॅसिडची बॅटरी वरचेवर निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. हे सगळं साडूंना तोंडपाठ आहे. लग्नाची तारीख मात्र ते मेहुणीबाईंना विचारतात.

घरात बॅटरी आली की माणसाचा स्वभाव बदलतो, हे मी साडूंवरून शिकलो. बँकेत असताना हा माणूस केबिनमध्ये नसतानाही केबिनचा एसी चालू ठेवायचा. आता कुणी दिवा लावला की कपाळाला आठी पडते. फ्रीजचं दार उघडायचं तर आधी आतून काय हवंय ते सांगावं लागतं. मोबाइल चार्ज करायला ते आमच्या ओटीवर पाठवतात; “तेवढं ग्रिडवर चालतं.” आणि या सगळ्या बचतीचं कारण एकच, संध्याकाळी टीव्ही लागला पाहिजे.

सुरुवातीला हा टीव्ही बत्तीस इंची होता आणि इन्व्हर्टरवर चालायचा. टीव्ही चाळीस वॉटचा. इन्व्हर्टर दीड हजार वॉटचा.

“एवढा मोठा कशाला?” मी विचारलं.

“असावा,” साडू म्हणाले. मोठ्या वस्तूंबद्दल मध्यमवर्गाचं यापलीकडे काही म्हणणं नसतं.

मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस. विजेच्या बाबतीत माझं काम बॅटरीचा उजेड धरून उभं राहायचं, आणि तोही नेमका चुकीच्या जागी पडतो. त्यामुळे मी मान हलवली. पण दीड हजार वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःचे पंधरा-वीस वॉट खातो. त्यात त्याचा थंडाव्याचा पंखा असा घरघरायचा की बातम्या देणाऱ्या बाईंचे फक्त ओठ दिसत. आमची दहावीतली कन्या तिथे होती. तिनं विचारलं, “काका, बॅटरी बारा व्होल्ट डीसी. इन्व्हर्टर त्याचं दोनशे तीस एसी करतो. मग टीव्हीच्या आतला सप्लाय त्याचं पुन्हा डीसी करतो. म्हणजे डहाणूहून पुढच्या घोलवडला जायला आपण आधी विरारला जातोय ना?”

“आणि परत येतोय,” मी म्हणालो. लोकल डहाणूपर्यंत २०१३ मध्ये आली, त्यामुळे हा प्रवास मला डोळ्यांसमोर दिसत होता. प्रत्येक बदलीला दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन उडून जाते, हे कन्येनं वर सांगितलं.

साडू रागावले. मग गप्प झाले. पुढच्या खेपेला आले तेव्हा गाडीत चोवीस इंची, थेट बारा व्होल्टवर चालणारा टीव्ही होता आणि तोंडात विरारचा दाखला होता. तो त्यांनी मलाच सांगितला, नवा म्हणून.

खरं तर बॅटरीवरचा टीव्ही आमच्या भागाला नवीन नाही. तलासरीकडच्या आश्रमशाळेत शिकवलेले एक गुरुजी आमच्याकडे येतात, ते सांगतात की कितीतरी पाड्यांवर टीव्ही आधी पोचला आणि वीज मागून. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊला पाहायचं तर टीव्ही हवा आणि टीव्हीला करंट हवा. चौदा इंची काळापांढरा टीव्ही, त्याच्या पाठीला बारा व्होल्टची खोबण, आणि शेजारी कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून काढून आणलेली बॅटरी. टीव्हीला हार आणि बॅटरीला हळदकुंकू. पहिल्या रांगेत बॅटरीचा मालक बसे, टीव्हीचा मालक त्याच्या मागे. टीव्ही नुसता असून काय उपयोग!

बॅटरी उतरू लागली की चित्र चारही बाजूंनी आक्रसायचं. “रावण दरबारात यायचा तेव्हा दहा डोक्यांचा असायचा,” गुरुजी म्हणतात, “भाग संपेपर्यंत सहा उरायची. त्याच्या वधाची आम्हाला घाईच नव्हती.” सोमवारी सकाळी ट्रॅक्टर चालू व्हायचा नाही, आणि ज्यांनी ज्यांनी रामायण पाहिलं ते सगळे मिळून तो ढकलायचे. मला ही पद्धत न्यायाची वाटते.

तर मुद्दा २९ जून २०२४ चा. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, आपल्याकडे रात्री आठला सुरू. साडू आदल्या दिवशी हायवेनं आले. चारोटी ओलांडून थेट तलासरीपर्यंत गेले, कारण तिथे ट्रकवाल्यांचा एक बॅटरीवाला आहे आणि त्यांना बॅटरी दाखवून घ्यायची होती. सोबतीला मीही होतो, उजेड धरायला. बॅटरीवाल्यानं टोपणं उघडली, हायड्रोमीटर बुडवला आणि म्हणाला, “माल एकदम बरोबर आहे, साहेब. कशावर चालवता?”

“टीव्ही.”

“मग ठीक. ट्रकची बॅटरी टीव्हीला लावू नका हां. तिच्या प्लेटी पातळ. स्टार्टरला एक दणका द्यायचा, की तिचं काम संपलं. हळूहळू तासन् तास द्यायला ही ट्यूब्युलरच पाहिजे.” मग त्यानं साडूंनी टीव्हीसाठी ओढलेली वायर दोन बोटांत धरली. “ही काय आहे?”

“वायर.”

“ही दारावरच्या बेलची आहे, साहेब. बारा व्होल्टला वायर जाड लागते आणि आखूड लागते. हिच्यातच निम्मं राहील.”

साडूंनी जाड वायरचा भाव विचारला. मग ते हसले. बँकेत कर्ज नाकारताना ते असेच हसत असणार. “वायर ती वायर,” ते बाहेर आल्यावर मला म्हणाले. पावणेदोनशे लिटरचा फ्रीज, छतावर सोलर पॅनल, उशी गरम करणारी उशी (ही काय असते मला विचारू नका), यावर लाखभर घालवलेला माणूस वायरच्या दीडशे रुपयांपाशी अडतो. आपल्याकडे सगळे अडतात. बंगला बांधणारा माणूस बेसिनच्या नळात पैसे वाचवतो.

फायनलच्या दिवशी पहाटेपासून पाऊस. जूनअखेरचा आमचा पाऊस एकदा लागला की समुद्र कुठे संपला आणि आकाश कुठे सुरू झालं ते कळत नाही. छतावरच्या सोलर पॅनलमध्ये येणारा करंट मोजायलाही लाजावं इतका. साडू दुपारी छत्री घेऊन शिडीवर चढले आणि पॅनल फडक्यानं पुसून आले. पाऊस पडत असताना. घरात शेवळाची भाजी होती, ती खातानासुद्धा त्यांचं लक्ष खिडकीबाहेर.

“भाऊजी, मॅच घरातच बघू या की,” सौभाग्यवती म्हणाल्या. “सोफा आहे.”

साडूंनी ताटावरून मान वर केली. “फायनल आमच्याकडे आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांनी यायचंय.”

मग बायकांचं डोळ्यांतल्या डोळ्यांत बोलणं झालं आणि निकाल लागला की भाऊजींना वाईट वाटेल. घरात त्रेचाळीस इंची टीव्ही बंद करून, सोफा मांजरीला देऊन, आम्ही छत्र्या घेऊन अंगण ओलांडलं आणि कॅरॅव्हॅनमध्ये शिरलो. पावसामुळे खिडक्या बंद. खिडकीबाहेर हात काढायचा प्रश्नच नव्हता.

“पंखा?” मेहुणीबाईंनी विचारलं.

“मॅच झाल्यावर,” साडू म्हणाले. त्यांनी मल्टीमीटरच्या दोन तारा टीव्हीच्या मागे खुपसल्या आणि पडद्याकडे पाठ करून बसले. त्या रात्री त्यांनी जे पाहिलं ते एवढंच.

भारताचे पहिले तीन गडी चौतीस धावांत गेले. त्याचं दुःख करायला वेळ मिळाला नाही, कारण कोहलीनं चौकार मारला आणि टीव्ही बंद झाला. परत लावला. थोड्या वेळानं पुन्हा चौकार, पुन्हा अंधार. चौकार गेला की मैदानावर आरडाओरडा होतो, आवाज वाढला की टीव्ही जरा जास्त करंट ओढतो, आणि बेलच्या वायरीतून तो करंट येता येता व्होल्टेज इतकं खाली बसायचं की टीव्ही मान टाकायचा. हे नंतर कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच की भारतानं धावा काढल्या की आपल्याला मॅच दिसत नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, “एक-एक धाव घेतली तर चालेल.”

साडूंनी मीटर वाचला. “अकरा पॉइंट दोन! बॅटरी उतरली! कोण मोबाइल चार्ज करतंय?”

कुणीच करत नव्हतं. तरी सगळ्यांनी आपापले मोबाइल वर करून दाखवले.

उपाय म्हणून आवाज बंद केला गेला. मग ब्राइटनेस खाली आला. यात मात्र साडूंचं शास्त्र बरोबर होतं. एलईडी टीव्हीतली बरीचशी वीज पडद्यामागच्या दिव्यांना लागते, ते मंद केले की खर्च लगेच उतरतो. पण किती मंद? बार्बाडोसला तेव्हा भर दिवस होता, लख्ख ऊन. आमच्या पडद्यावर कातरवेळ. चेंडू दिसेना. खेळाडू चालीवरून ओळखायचे. कोहली ७६ वर बाद झाला तेव्हा आत गेला तो कोण आणि राहिला तो कोण, यावर दोन मतं होती.

१७६ धावा झाल्या. मध्यंतरात मी पोटात कळ आल्यासारखा उठलो. बेत असा होता की हळूच घरात जायचं आणि उरलेली मॅच त्रेचाळीस इंचांवर, पंख्याखाली, माणसासारखी पाहायची. पायरीवर पाय ठेवला आणि लाइट गेली. आमची, शेजारच्यांची, समोरच्या सगळ्या वाड्यांची. घरच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे नि तीन दिवे आहेत, टीव्ही नाही. ती सौभाग्यवतींची योजना आहे. लाइट गेल्यावर तरी माणसं एकमेकांशी बोलतील, अशी आशा.

मी परत फिरलो. साडू दारात उभे होते आणि काळोखात त्यांचे दात दिसत होते.

“ग्रिड,” ते म्हणाले. बस्स, एवढंच.

अर्ध्या तासात ‘कॅरॅव्हॅनमध्ये मॅच दिसतेय’ ही बातमी बोर्डीभर. शेजारचे आले, पाड्यावरची पोरं आली, इराण्याच्या वाडीचा राखणदार घोंगडी घेऊन आला, कुणी सुक्या बोंबलांची चटणी आणि भाकऱ्या आणल्या. साडू एकेकाला आत घेत होते. चप्पल बाहेर, चार्जर बाहेर. आत जागा संपल्यावर लोक खिडक्यांबाहेर छत्र्या घेऊन उभे राहिले आणि कित्येक वर्षांनी त्या गाडीत बाहेरून हात आत येऊ लागले.

“एवढं मोठं पॉवर स्टेशन आपल्या डहाणूत,” अंधारातून एक म्हातारा आवाज आला, “आणि आपण गाडीत बसून टीव्ही बघतोय.”

ते आहे खरं. डहाणूच्या खाडीकाठचं औष्णिक केंद्र १९९५ पासून वीज करतंय, अडीचशे मेगावॉटचे दोन संच, आणि ती वीज मुंबईसाठी. पाचशे मेगावॉट म्हणजे चाळीस वॉटचे सव्वा कोटी टीव्ही, असं कन्येनं तिथल्या तिथे सांगितलं. सव्वा कोटी हा आकडा ऐकून सगळे पुन्हा आमच्या एकाकडे बघायला लागले.

तोही गेला. म्हणजे टीव्ही होता, चित्र गेलं. जोराच्या सरीत डिशचा सिग्नल तुटतो. मग एका पोरानं आपला मोबाइल टीव्हीला जोडून नेटवरून मॅच लावली. नेटवरची मॅच मागून येते. पलीकडच्या वाडीत कुणीतरी जनरेटर लावला होता आणि त्यांच्याकडे ती आधी पोचत होती. त्यामुळे आम्हाला प्रत्येक चेंडूचा निकाल आधी ऐकू यायचा आणि चेंडू मागून दिसायचा. क्लासेननं फटकेबाजी सुरू केली तेव्हा पलीकडे स्मशानशांतता. तीस चेंडूंत तीस धावा हव्यात, सहा गडी हातात. आमचा बोलर अजून धावत यायचा आणि आम्हाला ठाऊक असायचं की सिक्स आहे. इतकं भविष्य कळल्यावर माणूस खचतो. राखणदारानं घोंगडी डोक्यावरून घेतली.

मग शेवटची ओव्हर. सोळा धावा हव्यात, मिलर समोर, हार्दिकच्या हातात चेंडू. पलीकडून एकाएकी असा जल्लोष झाला की चिकूवरची वटवाघळं उडाली. आमचा हार्दिक अजून चेंडू शर्टाला पुसत होता. आम्ही श्वास धरून, काय चांगलं घडणार आहे ते पाहत बसलो. चेंडू उडाला, सीमारेषेपाशी सूर्यकुमारनं आत झेलला, बाहेर जाताना वर उडवला, पुन्हा आत येऊन झेलला. गाडी हलली.

“काय झालं? काय झालं?” मीटरवरून नजर न काढता साडू ओरडले.

“सूर्या! सूर्यानं करून दाखवलं!”

“आत्ता?” साडू म्हणाले. “पॅनलवर किती आले?”

सात धावांनी जिंकलो. मग कोण थांबतोय! सगळे पावसात उतरले. नाचायला गाणी हवीत, म्हणून गाडीच्या केबिनमधला स्टिरिओ लावला. दिसायला उजेड हवा, म्हणून हेडलाइट लावले. साडूसुद्धा नाचले. स्टिरिओ आणि हेडलाइट पुढच्या, इंजिनच्या बॅटरीवर असतात आणि मल्टीमीटर मागच्या बॅटरीला लावलेला, त्यामुळे त्यांना कसलीही चिंता नव्हती.

कन्या तेवढी आत बसून मल्टीमीटरशी खेळत होती. तिनं त्याची टोकं टीव्हीमागून काढून थेट बॅटरीला लावली. “काका, बारा पॉइंट पाच आहे.”

“कसं शक्य आहे? अकरा पॉइंट दोन होतं.”

“ते वायरीच्या त्या टोकाला. उरलेलं वायरीत गेलं.” मग तिनं हिशेब मांडला. टीव्ही तीस वॉटचा, म्हणजे बारा व्होल्टला अडीच अँपिअर. चार तासांचे दहा अँपिअर-अवर. दीडशेच्या बॅटरीतले निम्मे, पंचाहत्तर, बिनधास्त वापरता आले असते.

मेहुणीबाई भिजून आत आल्या होत्या. “आणि पंखा?” त्यांनी विचारलं.

“दीड अँपिअर. चार तासांचे सहा.”

गाडीत कुणी बोललं नाही. मेहुणीबाई उठल्या, पंख्याचं बटण दाबलं आणि त्याच्यासमोर बसल्या. साडू दारात आले, पंख्याकडे पाहिलं, आणि लग्न टिकवायचं शहाणपण त्यांना त्या क्षणी सुचलं. ते परत पावसात गेले.

सकाळी ऊन पडलं, लाइट आली, पॅनलवर चांगला करंट येऊ लागला. साडूंना बोरिवलीला निघायचं होतं. त्यांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. तेवढंही नाही.

“काका,” कन्या म्हणाली, “मागची बॅटरी भरलेली आहे. जाड केबलनं पुढच्या बॅटरीला जोडा ना. एका दणक्यात चालू होईल.”

साडूंनी छातीवर हात ठेवला. “ती?” ते म्हणाले. “ती टीव्हीची आहे.”

शेवटी शेजारचा ट्रॅक्टर आणून गाडी ओढली आणि रात्री मॅच पाहिलेले सगळे मागून ढकलायला आले. राखणदारसुद्धा. गाडी धूर सोडत हायवेकडे निघाली तेव्हा साडूंनी खिडकीबाहेर हात काढून टाटा केला.

ते दिवाळीत पुन्हा यायचे आहेत, आणि त्यांच्या ओळखीतले आणखी दोघे कॅरॅव्हॅनवाले सोबत आणणार आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगणं: वायर जाड आणा, पंखा लावा, आणि ओटीवरचा प्लग चालू आहे.